आईची भिशी

फेब्रुवारीत आई गेली आणि मे महिन्यात तिच्या दिंडीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "आईंनी या सालची भिशी गेल्या आषाढीलाच भरून ठेवलीय. पैसे परत पाठवू, का तुम्ही येताय?" भिशी म्हणजे वाटेतल्या जेवणाखाणाचे आणि मुक्कामाचे पैसे. मी "येते" म्हणाले. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर बावीस वर्षं आई चालली, आणि मी तिला आळंदीपर्यंत सोडायलासुद्धा कधी गेले नव्हते.

२९ जून २०२४ ला माऊलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. दिंडीच्या ट्रकमध्ये मी आईची पत्र्याची पेटी चढवली. तिच्यावर लाल रंगानं तिचं नाव होतं, गावासकट. राहुटीत बायकांनी मला तिचीच जागा दिली, खांबाशेजारची. पलीकडे बार्शीच्या मावशी. इतकी वर्षं आईच्या शेजारी त्याच झोपायच्या.

पहिले काही दिवस मला 'माऊली' हा शब्द सोसत नव्हता. "माऊली, जरा सरका." "माऊली, पाणी घ्या." अनोळखी माणसं दिवसभर आई म्हणून हाक मारत होती, आणि ज्या एका बाईला मी आई म्हणायचे ती नव्हती. दिवेघाटात, एकादशीच्या उपासात, भिजलेलं लुगडं खोचत मावशींनी सरळ विचारलं, "कशानं गेली गं? शेवटी काय खाल्लं तिनं?" घरी, ऑफिसात सगळ्यांनी मला 'काळजी घे' म्हटलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. मावशींनी त्यांच्या विहिरीत बुडालेल्या पोराचं सांगितलं. तो नऊ वर्षांचा होता. घाट कधी चढून झाला कळलं नाही.

वाल्ह्याच्या तळावरची समाजआरती मात्र मी जन्मात विसरणार नाही. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा नुसता कल्लोळ असतो. मग चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, तेव्हा कुठं ते टाळ थांबतात. त्या दिवशी आमच्या उजव्या हाताची एक दिंडी वाजवत होती. पाण्याच्या टँकरची तक्रार होती म्हणे. तेवढ्यासाठी अख्खा तळ उभा होता आणि कुणी त्यांना "पुरे आता" म्हटलं नाही. मग हरवलं-सापडलं सांगितलं गेलं. चष्मा, पिशवी, कुणाची तरी काठी. माझ्या पोटात कालवाकालव झाली. पाच महिने मी शहाण्यासारखी गप्प होते.

रात्री अंधारात मावशींना सांगून टाकलं. आई गेली त्या दुपारी तिचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उचलला असतास तर काय म्हणाली असती?"

"जेवलीस का, एवढंच."

"मग आज पंगतीतनं उठून का आलीस?"

त्यांनी उशाचं फडकं सोडलं. त्यात अर्धी भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी. मी रडत रडत खाल्ली. शेजारच्या कुणी कूस बदलली, पण कुणी मला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं. मीही बुडी मारली. पुढची फलटण, माळशिरस, वेळापूर ही गावं पायांच्या फोडांतून आठवतात. वाखरीपर्यंत मी स्वतःच लोकांना "माऊली, सरका" म्हणू लागले होते.

१७ जुलैला एकादशी. दर्शनाची रांग फार लांब होती. कळसाला हात जोडले आणि नामदेव पायरीपाशी टेकले. आईही बहुतेक वर्षं एवढंच करायची.

द्वादशीला पारण्याच्या पंगतीनंतर व्यवस्थापकांनी पुढच्या सालची वही उघडली. मी माझी भिशी भरली, आईच्या नावाचीही भरली. म्हटलं, जिला पैसे जमत नसतील अशा एखादीला त्या नावावर आणा.

"आणा," मावशी म्हणाल्या, "पण तिला माझ्या ह्या अंगाला झोपवा. खांबाजवळ ही झोपंल."