तुम्ही विचारलंत म्हणून : त्या मिठाच्या गोण्या कुणाच्या?

कादंबरी हातात घेतली की लोक आधी मलपृष्ठ वाचतात, मग माझ्याकडे पाहतात आणि विचारतात, “आयुष्यभर लेखापरीक्षणाची नोकरी केलीत, मग थेट तेराव्या शतकात कशा पोचलात? आणि एवढं लिहून झाल्यावर प्रकाशकाकडे न देता स्वतःच का छापलंत?” दिसायला हे दोन प्रश्न आहेत. माझ्याकडे दोन्हींचं उत्तर एकाच गोणीत आहे, आणि ती गोणी मिठाची आहे.

देवगिरीवरच्या १२९६च्या स्वारीची हकिगत मी एका सुट्टीत सहज वाचत होते. प्रयागजवळच्या कडा इथला सुभेदार अल्लाउद्दीन खलजी फेब्रुवारीअखेर तिथून निघाला. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता आणि सासराही, पण त्यालाही त्याने खरा बेत कळू दिला नाही. एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरून, तो देवगिरीवर येऊन धडकला. यादवांचं मोठं सैन्य तेव्हा युवराजाबरोबर दूर गेलेलं होतं. यादवांचे राजे रामदेवराव किल्ल्यात शिरले. किल्ल्यात पुरेसा साठा नव्हता. कोकणातून माल घेऊन आलेले व्यापारी आपल्या गोण्या जवळच सोडून पळाले होते, त्या धान्याच्या समजून घाईघाईने आत ओढून घेतल्या गेल्या. वेढा पडल्यावर उघडून पाहिलं, तर आत मीठ.

हे सांगतो इतिहासकार फेरिश्ता. त्याच इतिहासात खंडणीची यादीही आहे : सहाशे मण सोनं, सात मण मोती, हजार मण चांदी, चार हजार रेशमी वस्त्रं. माझी नजर सवयीने त्या यादीवरून मागे गेली आणि गोण्यांवर थांबली. मोत्यांचं वजन नोंदलेलं आहे. मीठ मात्र कुणाचं होतं, त्याचे पैसे कुणी कुणाला दिले, ते आणणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, याबद्दल एक अक्षर नाही. मालाची आवक आहे आणि मालाला मालक नाही, अशी नोंद दिसली की आम्ही तिच्याखाली लाल रेघ मारतो आणि खुलासा मागतो. इथे खुलासा मागायला कुणी उरलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचली. मीठ धान्यापेक्षा जड असतं. ज्वारीने भरलेली गोणी मिठाने भरली तर ती साधारण दीडपट भरते. शिवाय मीठ ओल धरतं, मानेला लागलं तर चुरचुरतं. राजाला कळलं नसेल, अधिकाऱ्यांना कळलं नसेल. पण ज्यांनी त्या गोण्या पाठीवर घेऊन चढवल्या, त्यांना पहिल्या दहा पावलांत कळलं असणार. मग ते बोलले का नाहीत? की बोलले आणि कुणी ऐकलं नाही? त्या रात्री मी उठून वहीत लिहिलं : “ज्यांनी उचललं त्यांना ठाऊक होतं.” बैलांवर मीठ वाहणाऱ्या तांड्याची कादंबरी तिथे सुरू झाली. पुढची नऊ वर्षं त्या एका ओळीची आहेत.

फेरिश्ताने हे सगळं लिहिलं ते विजापूरला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने, घटनेनंतर तीनशे वर्षांनी. त्यामुळे मिठाची गोष्ट ही ऐकीव दंतकथा असू शकते, हे मी पुस्तकाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं आहे. ऐतिहासिक कादंबरीवाल्याने एवढा प्रामाणिकपणा ठेवलाच पाहिजे असं मला वाटतं : कुठे पुरावा संपला आणि कुठून मी बोलू लागले, ते वाचकाला कळायला हवं. तरी एक पडताळा मी घेतला. मिठागरं चालतात ती कोरड्या दिवसांत, आणि घाटावरच्या लोकांना मिठाची बेगमी पावसाआधी करावी लागते. स्वारी झाली ती नेमकी त्याच दिवसांत; जून उजाडेपर्यंत अल्लाउद्दीन कड्याला परतलाही होता. म्हणजे त्या उन्हाळ्यात कोकणचं मीठ देवगिरीच्या आसपास असणं अगदी शक्य होतं. हा मेळ बसला त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे पुस्तक छापून आल्यावरही झाला नाही.

मग वाटेचा शोध. कोकणातून वर यायच्या जुन्या वाटांपैकी नाणेघाट मी तीन वेळा चढले, एकदा भर एप्रिलात. वर सातवाहनकाळातली लेणी आहेत, सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि ज्यात जकात टाकत असत असं सांगतात तो दगडी रांजण आहे. माझ्या पाठीवर जेमतेम सहा किलो होतं. तेवढ्यावरही मधल्या खडकाळ टप्प्यात बैलाचा पाय कुठे पडेल, हेच मी बघत राहिले.

देवगिरीला गेले तेव्हा उलटं काम करावं लागलं. तिथे डोळ्यांनी जे दिसतं त्यातलं बरंचसं मनाने पुसावं लागतं. चाँद मिनार १४४५चा, म्हणजे बहामनी काळातला. तोफा कितीतरी नंतरच्या. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान कैदेत होता, ते आणखी अडीचशे वर्षांनी. दौलताबाद हे नावसुद्धा मुहंमद तुघलकाचं. एकेक करून सगळं काढत गेले आणि शेवटी तो सरळसोट उठलेला डोंगर तेवढा उरला. त्याच्यासमोर मी दुपारभर बसून होते.

जेवणाच्या पानातूनही असंच काढावं लागतं. मिरची नाही, शेंगदाणा नाही, मका, बटाटा, टोमॅटो काही नाही. हे सगळं अमेरिकेकडून आलं, पोर्तुगीज इथे पोचल्यानंतर. तिखटाला मिरे नाहीतर पिंपळी. तांड्यातली माणसं मुक्कामाला बसली की मी पहिल्या खर्ड्यात त्यांना तंबाखू मळायला लावली होती. तीही त्यानंतरचीच. ती काढली, तर बसलेल्या माणसांच्या हातांना कामच उरेना. शेवटी ते हात गोण्या शिवू लागले, आणि तो प्रसंग आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला.

पण सगळ्यांत जास्त वर्षं भाषेने घेतली. लीळाचरित्राच्या मराठीत लिहिलं असतं तर आजच्या वाचकाला दुसऱ्या पानावर दम लागला असता. आणि आजच्या मराठीत लिहावं, तर तिच्यात ठायी ठायी फारसी. रस्ता, बाजार, दरवाजा, जमीन, हवा, आवाज, जखम, नशीब, तयार, फक्त, हजार! यादवांच्या राज्यातला बैलवाला हे शब्द बोलेल कसा? मी माधव ज्यूलियनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश घेतला आणि तो उलटा वापरला : त्यात जे सापडेल ते माझ्या मजकुरातून बाहेर. रस्त्याची वाट झाली, बाजाराचा हाट, दरवाजाचं कवाड, जमिनीची भुई, जखमेचा घाव, नशिबाचं दैव. काय घालायचं याला आधार होता तुळपुळे आणि फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशाचा, आणि तुळपुळ्यांनीच संपादित केलेल्या प्राचीन कोरीव लेखांचा. ‘फक्त’ने मला सगळ्यांत जास्त छळलं. तो एकही वाक्य सोडत नाही.

लीळाचरित्राबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्याच्यावाचून ही कादंबरी उभीच राहिली नसती. राजांचे ताम्रपट आपल्याला दानं आणि बिरुदं सांगतात. म्हाइंभटांनी रिद्धपुरात बसून जमवलेल्या, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणींत माणसं चालतात, जेवतात, रुसतात, एकमेकांना साधं काहीतरी विचारतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची, आणि तिच्या शेवटी रामचंद्र यादवाचा, म्हणजे याच रामदेवरावांचा, आदराने उल्लेख आहे. तिच्यात त्या काळाची प्रतिभा दिसते. लीळाचरित्रात त्या काळाचा शेजारपाजार ऐकू येतो. परंपरा सांगते, की म्हाइंभटांची मूळ पोथी पुढच्या खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली आणि पुढे अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली. ज्या स्वाऱ्यांच्या सुरुवातीला मिठाच्या गोण्या किल्ल्यात चढल्या, त्याच स्वाऱ्यांत मराठीतलं पहिलं गद्य नाहीसं झालं. ते वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नव्हते.

भाषेचा हा नियम पाळता पाळता एक गोष्ट आपोआप माझ्या हाती आली. सगळी फारसी बाहेर काढली आहे, तर मग ती आत येणार कधी? शेवटच्या भागात माझ्या बैलवाल्याच्या कानावर खलजी छावणीतला एक शब्द पडतो. कुणीतरी गोण्या मोजतंय आणि म्हणतंय, ‘हजार’. त्याआधीच्या पावणेदोनशे पानांत मी ‘सहस्र’च लिहिलं होतं. तिथून पुढे फारसी शब्द एकेक करून कथेत झिरपतात, आधी शिपायांच्या तोंडी, मग हाटात, मग घरात. शेवटच्या पानावरचं मराठी जवळजवळ आपलं आजचं आहे. वाचणाऱ्याला हे जाणवावं लागतच नाही, पण ज्यांना जाणवलं त्यांनी मला फोन केले.

आता दुसरा प्रश्न. हस्तलिखित मी चार प्रकाशकांना दिलं. दोघांकडून उत्तर आलं नाही. एकाने सौजन्याने सांगितलं, की यादवकाळ वाचकांना परका आहे, शिवकाळ किंवा पेशवाई असेल तर बघू. त्यांच्या धंद्याचं गणित मला समजतं आणि त्यांच्यावर राग नाही. चौथ्यांना कादंबरी आवडली होती. पण नायक राजघराण्यातला हवा, आणि अल्लाउद्दीन व यादव राजकन्या यांचा धागा मोठा करावा, बैलवाले पार्श्वभूमीला राहू द्यावेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुखपृष्ठाचा नमुनासुद्धा त्यांनी दाखवला : उधळलेला घोडा, शिवकालीन धाटणीचं पागोटं, मागे तोफ. १२९६ साली देवगिरीसमोर तोफ! मी घरी आले आणि ठरवलं, की त्या माणसांना सातशे वर्षं उलटल्यावर पुन्हा एकदा मागे ढकलायचं काम माझ्या हातून होणार नाही.

स्वतः छापण्यातली सरकारी कामं लोकांना वाटतात त्यापेक्षा सोपी आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन राय संस्थेकडून मोफत मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत आपल्या खर्चाने पाठवायची, बस. अवघड आहे ते अक्षर. अक्षरजुळणी करणाऱ्याने मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये नेला, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला ऱ्य सगळीकडे फुटला. कादंबरीत किल्ल्याच्या पायऱ्या किती असतील, विचार करा! तीन मुद्रितं काढावी लागली. संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे पैसे मी कमी केले नाहीत. स्वतः छापायचं ठरवलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की मुखपृष्ठावर, कागदावर काटकसर करा, दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांवर करू नका. सोळा पानांचे अठरा फर्मे झाले, २८८ पानं. प्रती पाचशे. मुखपृष्ठावर एक बैल, पाठीवर दोन गोण्या. विक्री हळूहळू झाली : व्याख्यानांनंतर, ग्रंथालयांतून, आणि मुख्यतः वाचलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितल्यामुळे. पहिली आवृत्ती संपायला सव्वादोन वर्षं लागली.

ती संपत आली असताना रायगड जिल्ह्यातून एका वयस्क गृहस्थांचा फोन आला. मिठागरात आयुष्य गेलेलं. पुस्तक त्यांच्या नातीने त्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणाले, “ताई, सगळं बरोबर आहे, पण तुमचा बैल पहिल्याच दिवशी बसेल.” मी गोण्या तोंडापर्यंत गच्च भरल्या होत्या. मिठाची गोणी अशी भरत नाहीत, त्यांनी समजावलं. वजन बैलाला पेलेल तेवढंच घालायचं, त्यामुळे ती वरून ढिली राहते, आणि ते ढिलं तोंड पिळून बांधायचं. जड आणि बुटकी, अशी ती दिसते. मी दीडपट वजनाचं गणित इतकी वर्षं मिरवत होते, आणि त्याचा पुढचा भाग मला सुचलाच नव्हता.

पुस्तक माझं असल्यामुळे विचारायचं कुणालाच नव्हतं. दुसऱ्या छपाईआधी मी एक पान नव्याने लिहिलं. त्यात गोण्या आत घेणारा अधिकारी ढिल्या गोण्या बघून चिडतो. व्यापाऱ्यांनी मापात मारलं, अर्धंच धान्य भरलं, असं त्याला वाटतं. तो आणखी गोण्या आणायला सांगतो. माझा बैलवाला तिथेच पाठीवर ओझं घेऊन उभा आहे. तो तोंड उघडतो. अधिकारी त्याच्याकडे न बघता पुढची गोणी मोजतो.