सायलेन्सरपासून सेन्सरपर्यंत: आमची वाटचाल

नागपुरात कामठी रोडवर बाबांचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. गंजलेला सायलेन्सर कापायचा, पत्र्याचं ठिगळ मारायचं, काळा रंग फासून गाडी परत द्यायची. कार्ब्युरेटरच्या त्या गाड्यांचा पाइप फुटला तर आवाज वाढायचा, बाकी इंजिनाला त्याची खबर नसायची. २००० साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. शिशाने कॅट-कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा) दोन्ही बाद होतात, त्यामुळे ती अडचण गेल्यावर हे भाग हळूहळू साध्या गाड्यांतही दिसू लागले. आता पाइपला भोक पडलं की इंजिनाला कळतं, आणि चुकीचं कळतं.

मी हिंगणा एमआयडीसीत गाळा घेतला, टिग वेल्डिंगचं मशीन आणि आर्गॉनचं सिलिंडर आणलं आणि स्टेनलेसचे हेडर, म्हणजे सिलिंडरांतून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचे संच, बनवू लागलो. पण नाव झालं ते दुसऱ्यांनी बनवलेल्या हेडरमुळे. पोरं यायची, "काऊन भाऊ, चेक इंजिन लाइट लागून राहिला अन् गाडी पेट्रोल पिऊन राहिली!" खाली वाकून पाहावं तर सेन्सर बसवायचा आट्यांचा बुश एकाच सिलिंडरच्या नळीवर. उरलेल्या तीन सिलिंडरांत काय जळतंय, ते त्या सेन्सरला दिसणार कसं? चारही नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे, पण कॅटच्या आधी, ही त्याची जागा. फार मागे नेला तर तो उशिरा तापतो. झिरकोनियाचा (एक सिरॅमिक) सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय धड बोलत नाही. टर्बोच्या गाडीत वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा सेन्सर) टर्बोनंतरच्या पाइपवर, म्हणजे डाउनपाइपवर लावतो, कारण टर्बोआधी उष्णता आणि दाब दोन्ही जास्त, आणि दाबाने रीडिंग बिघडतं.

गळती हा तर वेगळाच छळ. सेन्सरच्या आधी फ्लँजला, म्हणजे पाइपच्या जोडाला, बारीक फट असली की धुराच्या ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर सांगतो, ऑक्सिजन जास्त आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवत राहतो. स्पार्क प्लग काळे पडतात नि दोष इंजेक्टरवर जातो. म्हणून आमच्याकडे नवा सेन्सर विकण्याआधी जोड तपासतात. धंद्याच्या हिशेबाने हे फारसं शहाणपणाचं नाही, असं आमच्या घरचे म्हणतात.

सेन्सर पाइपच्या पोटाखाली कधीच लावत नाही. आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर हवा, टोक खाली झुकलेलं. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की सकाळी पाइपात पाणी साचतं. सेन्सरच्या आतल्या हीटरने तापलेल्या सिरॅमिकवर ते पडलं की तडा जातो. मे महिन्यात ही भीती कमी, पण वायर पाइपला टेकली तर वितळते. आटे १८ मिमीचे, त्यांवरच अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून असतं ते) लावायचं, टोकाला नाही. गॅस्केटच्या जागी साधं सिलिकॉन फासणाऱ्यांना तर आम्ही हात जोडतो, ते सेन्सरला मारतं.

२०२० ला धुराचे कडक बीएस-६ नियम आले तसं नवं गिऱ्हाईक आलं: "कॅट काढून टाक, मागच्या सेन्सरला स्पेसर लाव, लाइट लागत नाही." मागचा सेन्सर कॅट काम करतो की नाही हे पाहायलाच असतो. स्पेसर लावून तो धुरापासून दूर धरायचा, म्हणजे त्याला फसवायचं, हे काम आम्ही घेत नाही. त्यात काही गिऱ्हाईक गेले, जाऊ द्या.

आता नवीन पाइप वळवण्याआधी सेन्सरची जागा खडूने आखतो, नंतर बाकी रस्ता ठरवतो. ट्यूनिंग दुसरीकडे होणार असेल तर वाइडबँडसाठी एक जास्तीचा बुश देतो, त्याचं तोंड प्लगने बंद करून. ट्यूनिंग झालं की सेन्सर काढा आणि प्लग परत घट्ट बसवा, एवढं आम्ही बजावून सांगतो. हीटर बंद ठेवून वाइडबँड धुरात तसाच राहिला तर काजळी धरतो, आणि तो सेन्सर स्वस्त नाही, बापा.