नीळ उडालेले आकाश

कागदावरील चित्रांच्या जतनाचे काम मी मुंबईत अनेक वर्षे करत आहे. पण विजापूरच्या इब्राहिम रौझ्याचे, म्हणजे तिथल्या आदिलशाही कबर-मशिदीच्या वास्तूचे, एक जलरंगचित्र माझ्या मेजावर आले, तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. ते घेऊन आलेल्या काकांचे आजोबा, विजापूर मुंबई इलाख्यात असताना, तेथे बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि तेव्हापासून चित्र घराण्यात होते. त्यावर सही नव्हती. कागद उजेडासमोर धरला तेव्हा ‘व्हॉटमन’ हे इंग्रजी कागदाचे जलचिन्ह आणि त्याखाली कागदाच्या सालाचे १८५ एवढेच आकडे दिसले. चौथा आकडा कधीतरी कागद छाटताना गेला होता. विल्यम कार्पेंटर १८५० ते १८५६ या काळात हिंदुस्थानात हिंडला, एडवर्ड लिअर १८७३ ते १८७५ या काळात. अशा फिरत्या चित्रकारांची संख्या मोठी होती, त्यामुळे नाव सुचवण्याचा मोह मी टाळला.

घरात या चित्राला ‘विजापूरची संध्याकाळ’ म्हणत. आकाश फिकट गुलाबी होते आणि त्यापुढे कमळाच्या पाकळ्यांतून वर आलेला घुमट, बारीक मिनार, छज्ज्याला खालून आधार देणाऱ्या दगडी घोड्या, सारे इतक्या नेमक्या हाताने उतरवले होते की मी बराच वेळ काम सुरूच केले नाही. मग सावल्यांकडे लक्ष गेले. इब्राहिम रौझ्यात एकाच चौथऱ्यावर पूर्वेला कबरीची इमारत आणि पश्चिमेला मशीद समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये हौद आहे. मक्का आपल्याकडून पश्चिमेला असल्यामुळे मशिदीची किब्ल्याची, म्हणजे नमाजाच्या दिशेची, भिंत त्याच बाजूला असते, आणि म्हणून अशा कोणत्याही चित्रात मशीद सापडली की दिशा सापडतात. चित्रकाराने उत्तरेकडून पाहिले होते : कबर डावीकडे, मशीद उजवीकडे. कबरीची लांब सावली हौदावरून मशिदीकडे गेली होती. सूर्य पूर्वेला असल्याशिवाय ती तशी पडणे शक्य नव्हते. इतक्या काटेकोर माणसाने सकाळच्या सावल्यांवर संध्याकाळचे आकाश का रंगवावे?

उत्तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली होते. जुन्या, आम्लधर्मी पुठ्ठ्याने कागदावर चौफेर तपकिरी रेघ उमटवली होती. पातळ पात्याने तो पुठ्ठा इंचाइंचाने सोडवत वरच्या कडेला आले, तेव्हा पुठ्ठ्याने झाकलेली जेमतेम बोटभर रुंदीची पट्टी उघडी पडली आणि माझा हात थांबला. ती पट्टी निळसर करडी होती, पहाटेचे धुके नुकते विरल्यावर दिसते तशी. त्या काळचे चित्रकार आकाशासाठी नीळ आणि लोहयुक्त तांबडा मातीचा रंग एकत्र करत. तांबडा टिकतो, नीळ उजेडात उडून जाते. रसेल आणि ॲबनी या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८८ साली जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामांचा अहवाल दिला, त्यात निळीसारख्या रंगांचा हा कच्चेपणा प्रयोगांनी दाखवला होता. निर्वात नळीत ठेवलेले बहुतेक रंग मात्र टिकले, म्हणजे उजेडाच्या जोडीला हवा आणि ओल लागते. मुंबईच्या दिवाणखान्यात या तिन्ही गोष्टी वर्षानुवर्षे भरपूर मिळाल्या होत्या. ज्या मुलखातून नीळ जगभर गेली, त्याच मुलखाचे आकाश रंगवताना ती टिकू नये, याचे मला फार वाईट वाटले.

काकांना फोन करून बोलावले. त्यांनी पट्टी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिली.

“ताई, बाकीचे आकाश पुन्हा असे करता येईल?”

“नाही, काका. गेलेला रंग परत आणता येत नाही, आणि वरून मी रंग लावला तर ते आकाश माझे होईल, त्याचे नाही.”

“मग निदान ही पट्टी दिसू दे.”

मलाही तेच हवे होते. पण पट्टी उघडी ठेवली, तर उरलेली नीळही उडेल, हे त्यांना सांगावे लागले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग रंग ताडून पाहायची रंगपट्टी शेजारी ठेवून मी त्या निळसर पट्टीची छायाचित्रे घेतली, आम्लरहित पुठ्ठ्याचा नवा माउंट कापला, जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने चिकटवल्या आणि चित्र लावायच्या जागी प्रकाश ५० लक्सच्या वर जाऊ देऊ नका, असे त्यांना लिहून दिले.

माउंट मिटवण्याआधी त्यांनी मला थांबवले, चष्मा पुसला, आणि ती सकाळ आणखी एकदा पाहून घेतली.