तुम्ही विचारलंत म्हणून: पाचवीच्या मुलांना मी रोज गृहपाठ का देत नाही

“बाई, पोरांना तुम्ही रोज अभ्यास का देत नाही?” हा प्रश्न मला पालकसभेत हमखास विचारला जातो. शहरात राहणाऱ्या नातेवाइकांच्या मुलांच्या भरगच्च डायऱ्या पाहून आलेले पालक तो काळजीपोटी विचारतात, तर नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक, वर्ग कसा चालवावा हे समजून घेण्यासाठी विचारतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते, आणि माझ्या वर्गात गृहपाठ नाही असे नाही. तो आठवड्याचा असतो. सोमवारी तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिला जातो, शुक्रवारी वह्या जमा होतात आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायतीनंतरचा वेळ त्या वह्यांवर बोलण्यात जातो.

पहिल्यांदा नियमाचे सांगते, कारण बऱ्याच पालकांना तो ठाऊक नसतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा आणि सहावी ते आठवीला रोज एक तासापर्यंत द्यावा, असे म्हटले आहे. म्हणजे पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी मोजमापाचे एकक दिवस नसून आठवडा आहे. तरीही मी केवळ नियमावर बोट ठेवून थांबणार नाही. हा नियम नसता तरी मी हेच केले असते, आणि त्याचे कारण मुलांच्या वह्यांतच सापडते.

५३०२ वजा १८४७ हे उदाहरण घ्या. पाचवीच्या सुरुवातीला अनेक मुले याचे उत्तर ४५४५ असे लिहितात. तो निष्काळजीपणा वाटतो, पण मुलाला शेजारी बसवून मोठ्याने करायला लावले, की त्यामागची पक्की पद्धत दिसते. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल ७ मधून २ काढून ५ लिहिते. दशकाच्या घरात ० मधून ४ जात नाहीत, म्हणून ते ४ तसाच खाली उतरवते. शतकाच्या घरात ८ मधून ३ काढून पुन्हा ५ येतात आणि हजाराच्या घरात ५ मधून १ जाऊन ४ उरतात. मोठ्यातून लहान वजा करायचे, एवढेच त्याने लक्षात ठेवलेले असते आणि तोच नियम ते प्रत्येक घराला इमानेइतबारे लावते. दशकाच्या जागी शून्य असल्यामुळे आधी एक शतक सुटे करून त्याचे दहा दशक करायचे, मग त्यातला एक दशक सुटा करून दहा एकक मिळवायचे, ही दोन पायऱ्यांची गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

अशा मुलाला घरी वीस वजाबाक्या दिल्या तर काय होईल? ते चुकीची पद्धत वीस वेळा घोटेल, दुसऱ्या दिवशी वहीवर वीस फुल्या येतील आणि आपल्याला गणित येत नाही, एवढेच ते त्यातून शिकेल. म्हणून मी आठवड्याला तीनच वजाबाक्या देते, मात्र प्रत्येकीचा पडताळा लिहायचा असतो. ४५४५ मध्ये १८४७ मिळवले की ६३९२ येतात, ५३०२ येत नाहीत, आणि हे मुलाला कोणी न सांगता स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. तिथे त्याने खोडरबर वापरायचा नाही. चुकलेले उत्तर तसेच ठेवून, कुठे बिनसले असेल ते एका ओळीत लिहायचे. त्या ओळीवरून मला जे कळते ते वीस फुल्यांवरून कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात खेळातल्या नोटा काढून शंभराची नोट मोडून दाखवायची आहे, आणि ती कोणत्या पाच-सहा मुलांना, हे मला तेव्हा नेमके ठाऊक असते.

प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक घातक असते, हे त्यातले निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. रोजच्या गृहपाठाची घाई हे दुसरे ओझे वाढवते, असे माझे ठाम मत आहे.

आता तपासण्याचा हिशेब पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तीस मुलांचा वर्ग धरला आणि चार विषयांचा गृहपाठ रोज दिला, तर रोज १२० वह्या तपासायच्या. एका वहीला एकच मिनिट दिले तरी दोन तास होतात, म्हणजे अध्यापनाचा अर्धा दिवस. हे शक्य नसल्यामुळेच पानाखाली नुसती सही आणि तारीख येते. मुलांना ते पुरते समजते. बाई वाचत नाहीत हे एकदा लक्षात आले, की ती गाइडमधून उतरवून मोकळी होतात. न वाचलेला गृहपाठ हा मुलाच्या संध्याकाळचा अपमान आहे, हे मी नव्या शिक्षकांना कळकळीने सांगते.

आठवड्याच्या गृहपाठाचा आणखी एक मोठा फायदा असा, की काही गोष्टी एका दिवसात दिसतच नाहीत. परिसर अभ्यासात चंद्राच्या कलांची आकृती असते आणि मुले ती पाठ करून बिनचूक काढतातही. मी अमावस्येनंतरचा आठवडा निवडते आणि रोज दिवेलागणीला, एकाच जागी उभे राहून चंद्र कुठे आहे आणि कसा दिसतो, ते वहीत काढायला सांगते. जागा ठरवण्यासाठी घराजवळचे झाड, देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी अशी काही तरी खूण चित्रात दाखवायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पश्चिमेला खाली टेकलेली बारीक कोर रोज थोडी वर सरकते, रोज थोडी फुगते आणि अष्टमीच्या सुमारास त्याच वेळेला अर्धा चंद्र जवळपास डोक्यावर आलेला असतो. एका मुलीने वहीत लिहिले होते, “चंद्र मोठा होताना सूर्यापासून लांब जातो.” हे वाक्य पुस्तकात नव्हते. त्या शनिवारी फळ्यावर दुसरे काहीही न लिहिता वर्ग त्याच वाक्यावर बोलत राहिला, कारण चंद्राच्या कला का होतात याचे निम्मे उत्तर त्यात आलेले होते.

बाजाराचाही असाच उपयोग होतो. ०.२५ मोठे की ०.५, असे विचारले तर पुष्कळ मुले ०.२५ सांगतात, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे. त्या आठवड्यात दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पावशेर साखरेला कोणता आकडा येतो आणि अर्ध्या किलोला कोणता, हे पाहून लिहायचे असते. बाकी भाषेसाठी घरात कोणाला तरी एक उतारा मोठ्याने वाचून दाखवणे आणि आठ-दहा ओळी स्वतःच्या मनाने लिहिणे, एवढेच.

स्वतःच्या मनाने या शब्दांवर मी अडून बसते. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील दिवसभर शेतावर किंवा मजुरीला असतात आणि धाकटे भावंड सांभाळण्याचे काम याच मुलांकडे असते. ज्या गृहपाठाला घरी शिकलेला माणूस, मोबाइल किंवा स्टेशनरीच्या दुकानातले रंगीत तक्ते लागतात, तो गृहपाठ मुलाची परीक्षा न घेता त्याच्या घराची घेतो. म्हणून मुलाला एकट्याला, पेन्सिल आणि वही एवढ्यावर जे जमणार नाही, ते मी घरी पाठवत नाही. ते शाळेत करून घेते.

शिष्यवृत्तीचे काय, असे इथे हटकून विचारले जाते. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा चौथीऐवजी पाचवीला होऊ लागली, तेव्हा पाचवीच्या पालकांची धास्ती वाढली होती; २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथीला नेण्याचा निर्णय झाला, पण पालकांची धास्ती तीच आहे, आणि ती मला समजते. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर या वयाच्या मुलासाठी लहान गोष्ट नव्हे. सराव लागतोच. पण तो सराव ठरावीक वेळेत, शेजारी शिक्षक असताना, शाळेतच व्हावा आणि चुकलेल्या प्रश्नांवर लगेच बोलले जावे, हे मला योग्य वाटते. रात्री दहाला पेंगत सोडवलेली प्रश्नपत्रिका त्या तयारीत फार भर घालत नाही.

मुलांना आठवडा मोकळा दिला तर सगळे गुरुवारच्या रात्रीवर ढकलतात, ही तक्रार खरी आहे. जूनमध्ये बहुतेक सगळे तसेच करतात. त्यावर उपाय म्हणून सोमवारी गृहपाठ उतरवून घेतल्यावर प्रत्येकाने आपले वेळापत्रक त्याच पानावर लिहायचे असते: मंगळवारी वजाबाकी, बुधवारी बाजार म्हणून सुट्टी, गुरुवारी लेखन, असे. ते मी ठरवत नाही. शुक्रवारी ठरवलेले आणि घडलेले शेजारी शेजारी लिहायचे, आणि त्यात तफावत असली तर रागावणे नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेकांची वेळापत्रके त्यांच्या घरच्या कामांशी जुळू लागतात. सहावीला यातली बरीच मुले एसटीने दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात, तिथे प्रत्येक विषयाचे शिक्षक वेगळे आणि प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, तेव्हा हा सराव त्यांच्या कामी येतो.

पालकांकडून माझी अपेक्षा थोडी आहे. मूल वाचून दाखवत असेल तेव्हा पाच-दहा मिनिटे हातातले काम ठेवून ऐका. वाचता येत नसले तरी ऐकता येते. उत्तर सांगू नका आणि त्याच्या हातातली पेन्सिल घेऊ नका. ते अडले तर ‘इथे अडले’ असे त्या ओळीपाशी लिहायला सांगा आणि वही तशीच पाठवा. शुक्रवारी वह्या आल्या की मी आधी हीच पाने उघडते, कारण शनिवारी काय शिकवायचे ते त्यांच्यावरून ठरते.