तुम्ही विचारलंत म्हणून: घट्ट कुरळ्या, कोरड्या केसांना शाम्पू कोणता?

माझे केस पाहून हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांचे केसही बहुधा माझ्यासारखेच असतात, बारीक घट्ट वेटोळ्यांचे आणि कायम तहानलेले. त्यांना एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. मी मात्र बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला सांगते, कारण तेवढं एकदा जमलं की कुठल्याही दुकानात दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.

आधी केस कोरडे का पडतात ते बघू. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरतं. वेटोळ्या केसात ते वळणावळणावर अडतं. त्यामुळे एकाच डोक्यावर मुळं तेलकट आणि शेंडे राठ अशी स्थिती होते. शिवाय वळणांवर केसाचं खवल्यांचं आवरण जरा उचललेलं राहतं आणि आतली ओल लवकर उडते. मुळात तुटपुंजं असलेलं तेल शाम्पूने आणखी खरवडून नेलं, तर केस तुटणारच.

आता बाटलीची मागची बाजू. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात. पहिलं बहुतेक वेळा पाणी. त्यानंतरची दोन-तीन नावं नीट वाचा, कारण मळ काढण्याचं काम तीच करतात. तिथे सोडियम लॉरिल सल्फेट किंवा अमोनियम लॉरिल सल्फेट असेल तर आपल्या केसांसाठी मी ती बाटली परत ठेवते. लॉरेथ सल्फेट त्या मानाने थोडं मवाळ. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट, कोकामिडोप्रोपिल बीटाइन ही नावं दिसली तर आशेला जागा आहे. नुसत्या ‘सल्फेट-फ्री’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नाही, तरी चांगलंच कडक आहे.

पुढच्या बाजूला मोठ्या चित्रासह मिरवणारी कोरफड यादीत कुठे आहे तेही शोधा. फिनॉक्सिइथॅनॉल हे शाम्पू टिकवण्यासाठीचं द्रव्य साधारण १ टक्क्याच्या आतच घालतात. कोरफड त्याच्याही नंतर आली असेल, तर ती नावापुरतीच आहे. केवळ तिच्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला अजिबात वाटत नाही.

बाटलीवर पीएच (आम्ल-अल्कली किती ते सांगणारा आकडा) दिला असेल तर ४.५ ते ५.५ च्या आसपासचा घ्या. अंगाच्या साबणाच्या वडीचा पीएच बऱ्याचदा ९-१० असतो. तिने खवले आणखी उघडतात आणि गुंता वाढतो, म्हणून ती डोक्याला नकोच.

अर्थात, सगळी द्रव्यं एकत्र आल्यावर शाम्पू कसा वागतो हे यादीवरून पुरतं कळत नाही. ते केसच सांगतात. धुतल्यावर, कंडिशनर लावायच्या आधी, ओली बट दोन बोटांत धरून खाली सरकवा. बोटं अडकत, करकरत गेली तर तो शाम्पू तुमच्यासाठी कडक आहे. ती करकर म्हणजे स्वच्छता असं अनेकांना लहानपणापासून वाटत आलेलं असतं. फेसाचंही तसंच. सौम्य शाम्पूला फेस कमी येतो, म्हणून दुप्पट ओतायची गरज नाही.

केसांचे चार भाग करा, शाम्पू थोड्या पाण्यात पातळ करा आणि बोटांच्या टोकांनी फक्त टाळूला लावा. शेंडे चोळू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. वरून ओघळणारं पाणी शेंड्यांना पुरतं. आठवड्यातून एकदा, फार कोरडे असतील तर दोन आठवड्यांनी एकदा धुणं बहुतेकांना पुरेसं होतं. धुण्याआधी शेंड्यांना खोबरेल तेल लावलंत तर उत्तम, कारण ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात.

जेल आणि क्रीमचा थर साचून केस निस्तेज, जड झाले असतील तर अधूनमधून कडक शाम्पू चालतो. लगेच भरपूर कंडिशनर लावायचा, एवढंच.

कोंडा असेल तर सौम्य शाम्पूने तो जाईलच असं नाही. केटोकोनाझोलसारखं औषध असलेला शाम्पू टाळूपुरता लावा, सांगितलेली मिनिटं ठेवा आणि केसांच्या लांबीला कंडिशनर द्या. चट्टे पडत असतील किंवा केस झुपक्यांनी गळत असतील, तर शाम्पू बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.