श्रावण न्हवं, वळीव

कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ भरते, तो हिवाळ्यातला दिवस मी सहसा चुकवत नाही. झाडाखाली कुणी समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र रंगवत असतं, कुणी मातीत मुखवटा घडवत असतं, एकीकडे गाणं चालू असतं. आणि बघायला पेठापेठांतून माणसं आलेली असतात. एरवी कलादालनाची पायरी न चढणारी माणसंही इथं तासन् तास उभी राहतात. मी एका झाडाच्या कडेला सतरंजी टाकून माझ्या त्रैमासिकाचे अंक मांडते. १६ पानं, ४०० प्रती, मध्ये दोन पिना. चित्र-शिल्पांवरचं लेखन एवढाच विषय. वर्गणी वर्षाला २०० रुपये.

त्या दिवशी डोक्यात छापखान्याचं बिल होतं. महिनाभरापूर्वी एका कलादालनाकडून निरोप आला होता: पुढच्या दोन अंकांची छपाई आम्ही बघतो, फक्त आमच्या प्रदर्शनावरचा लेख छापण्याआधी एकदा नजरेखालून जाऊ दे. मी नाही म्हटलं. रंगाच्या दुकानाची, फ्रेमवाल्याची जाहिरात मी आनंदानं घेते, पण ज्याच्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल लिहायचं त्याच्या पैशावर अंक काढला, तर वाचकानं माझ्या कुठल्याच वाक्यावर विश्वास का ठेवावा? दुसरा नेम मानधनाचा. लिहिणाऱ्याला ५०० रुपये, नवखा असो की जुनाजाणता. रक्कम लहान आहे, पण फुकट लिहून घेतलेला लेख दुसऱ्यांदा मागायला तोंड राहत नाही. हे दोन्ही नेम पाळायचे, तर बाकीचे पैसे माझ्या मुद्रितशोधनाच्या कामातून घालावे लागतात. त्या वेळी तेही आटले होते. छापील अंक बंद करून नुसता फोनवर पाठवावा, असं जवळजवळ ठरत आलं होतं.

फोनवर पाठवणं तसं आधीपासून होतंच. माझे फ्रेमवाले काका एकदा म्हणाले होते, “बाई, आमचे हात कामात असतात, कान मोकळे असतात.” तेव्हापासून दर अंकातला मुख्य लेख मी स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करते आणि चित्राच्या फोटोसोबत व्हॉट्सॲपवर सोडते. पुढे तो कुठं कुठं जातो, ते मला कळत नाही.

त्या अंकातला मुख्य लेख एका जलरंगावर होता. शिवाजी पेठेतल्या एका घरी तीन पिढ्या भिंतीवर असलेलं चित्र. सही पुसट, वाचता येत नाही. रंकाळा तलाव, मधोमध पाण्यातला जुना दगडी संध्यामठ, भोवती पाच-सहा म्हशी, वर जांभळट काळं आभाळ. डावीकडचा काठ जवळजवळ कोराच सोडलेला. मी लिहिलं होतं, श्रावणातला रंकाळा; आणि त्या कोऱ्या जागेवर तर मी एक सबंध परिच्छेद खर्च केला होता: चित्रकारानं जाणून राखलेलं मोकळेपण वगैरे. आभाळात उजवीकडे फिकट गोल ठिपके होते. त्यांच्याबद्दल लिहिलं, ‘दुर्दैवानं ओलीचे डाग पडले आहेत.’

साडेअकराच्या सुमारास एक सत्तरीतले गृहस्थ नातीला घेऊन आले. धोतर, टोपी, हातात अंक नाही. नातीनं फोन पुढं धरला. त्यावर तेच चित्र.

“ताई, ह्या चित्रावर तुमीच बोललायसा न्हवं?”

“हो मामा.”

“चांगलं बोललायसा. खरं, हे श्रावनातलं न्हवं.”

गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणतात आणि समोर धार काढून ताजं दूध देतात, तिथं यांचं आयुष्य गेलेलं. नात कॉमर्सला. आजोबा धारेला बसलेले असताना तिनं माझा लेख लावला होता. मामांनी बोटानं चित्र मोठं करायला लावलं.

“मठ बगा की. तळापतोर उघडा पडलाय. श्रावनात पाणी कुठवर असतंय! ह्यो चैत-वैशाख हाय. आन् आभाळ वळवाचं. वळीव यायच्या आदी असा उकाडा हुतोय की म्हसरं पाण्यातनं भायेर निघाय बघत न्हाईत. मानंपतोर बसून ऱ्हात्यात. ही बसल्यात बगा.”

मी त्या चित्रासमोर तीन दुपारी बसले होते. मठ मी पाहिला होता, त्याच्या पायथ्याच्या तपकिरी पट्ट्याचं कौतुकही लिहिलं होतं. तो पट्टा म्हणजे उतरलेलं पाणी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रंकाळ्यावर मीही लहानाची मोठी झालेय, पण चौपाटीवर फिरायला जाणारीचा रंकाळा वेगळा आणि म्हशी धुणाऱ्याचा वेगळा. मामा सहज म्हणाले, “गडी भिजला आसंल.”

हे वाक्य डोक्यातून जाईना. दुपारी अंक शेजारच्या मूर्तिकाराच्या हवाली केले, फ्रेमवाल्या काकांना गाठलं आणि दोघं शिवाजी पेठेत गेलो. चित्र ज्यांच्या घरी आहे त्या आज्जींना विचारलं, चित्र फ्रेमबाहेर काढून बघू का? त्यांनी जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली. काकांनी मागच्या बारीक खिळ्या एकेक करून उपसल्या, जुना पुठ्ठा अलगद सोडवला.

खालच्या उजव्या कोपऱ्यात ओलीचा एक खरा डाग होता, त्यामुळे ताडून बघता आलं. ओल कागदात शिरते. तिची कड तपकिरी होते आणि कागद उलटला की पाठीमागूनही दिसते. इथं तशीच दिसत होती. मग आभाळातले ठिपके भिंगाखाली घेतले. प्रत्येक ठिपक्याचा मध्य फिका आणि रंग ढकलला जाऊन कडेला जमलेला, वेड्यावाकड्या झालरीसारखा. जलरंगाचा हात अर्धवट ओला असताना त्यावर पाणी पडलं तर असंच होतं, रंगवणारा प्रत्येक जण हे अनुभवानं जाणतो. मठावर रंग वाळलेला होता, तिथं थेंबांनी नुसता जरासा रंग उचलला होता. कागद उलटला. त्या ठिपक्यांमागं पाठ स्वच्छ होती.

आज्जी म्हणाल्या, “म्हणजे हा पाऊस त्या दिवशीचा?” मला पटकन बोलता आलं नाही. काकांनी मान हलवली.

आता डावीकडचा कोरा काठ वेगळा दिसू लागला. तो राखलेला नव्हता, बहुधा राहिलेला होता. टपोरे थेंब आले आणि माणसानं चित्राचा पाट उचलला. माझा तो परिच्छेद सुंदर होता आणि चुकीचा होता.

कोल्हापूरला चित्रकारांची कमी नाही, लिहून ठेवणाऱ्यांची आहे. भाई माधवराव बागल स्वतः मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. त्यांनी इथल्या कलावंतांवर लिहिलं, म्हणून आज हातात काही आहे. चित्रकार आबालाल रहिमानांचं बघा. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तळ्याच्या पाण्यात सोडली, असं गाव सांगत आलंय. त्यांत कोणती झाडं होती, कोणती वेळ होती, आज कुणालाच सांगता येणार नाही. चित्र जातं, बघणारा माणूसही जातो. आणि त्या दिवसापर्यंत मी लिहीत होते ते बहुतेक चित्रं बघायला शिकलेल्यांसाठीच. रंकाळा ओळखणाऱ्यांपर्यंत लेख गेला तो केवळ एका पोरीनं आजोबांसाठी फोन लावला म्हणून.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर मी दुरुस्ती छापली. कोपऱ्यातली चार ओळींची चौकट नाही, पूर्ण पान. मामांचं बोलणं त्यांच्याच बोलीत, खाली त्यांचं नाव, बाजूला एका ठिपक्याचा भिंगातून घेतलेला फोटो. छापील अंक बंद करायचा विचार त्या वेळेपुरता मागं पडला. बिलाचे पैसे दोन हप्त्यांत द्यायचं छापखान्याशी ठरवलं.

अंक घेऊन संध्याकाळी गंगावेशीत गेले. मामा धारेला बसले होते. पाकीट पुढं केलं तर म्हणाले, “ह्ये कशाचं?”

“मानधन आहे मामा. लिहिणाऱ्या सगळ्यांना देते.”

“म्या कुठं लिवलंय?”

“पहिलं पान तुमचंच आहे.”

नातीनं त्यांना वाचून दाखवलं. ते हात पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिले. दूध प्यायला आलेले दोघं-तिघं ग्लास हातात धरून तिथंच थांबले. मग मामांनी पाकिटातले शंभर नातीला दिले आणि उरलेले चारशे माझ्यापुढं केले. “ह्यात दोन वर्साची वर्गणी धरा. अंक कट्ट्यावर टाकत जावा. दूध प्यायला माणूस येतंय, ग्लास संपस्तवर वाचंल.”

पावती कुणाच्या नावानं करू विचारलं, तर म्हणाले, “कट्टा, गंगावेस.”

तशी केली. मी निघाले, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. “ताई, फुडल्या बारीला चित्र मोठं छापा. मठ लई बारीक दिसतोय.”

रंगीत जोडपानाचा दर दुसऱ्याच दिवशी छापखान्यात विचारून आले.