दुर्बिणीत कॅन्सर वाटला, तुकड्यात टीबी निघाला

निपाणीत कुणाचा आवाज बसला की पहिला संशय तंबाखूवर जातो. आईनं उभा जन्म विड्या वळल्या, खकाणा नाकातोंडात गेलेला. आवाज घोगरा झाला तेव्हा गल्लीनं तेच ठरवलं. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. मग गिळताना दुखायला लागलं आणि कळ थेट कानात जायची. आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा उतरेना.

बेळगावला घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. एक स्वरतंतू सुजलेला, खडबडीत, मधे व्रण. "कॅन्सर असू शकतो, टीबीही असू शकतो. नुसतं बघून सांगता येत नाही," ते म्हणाले. मला कॅन्सरच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्यांनी पुढं जे केलं, ते आमच्या भागातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. आईला खोकला फारसा नव्हता, तरी छातीचा एक्स-रे काढला, बेडका तपासायला दिला. स्वरयंत्राचा टीबी बहुतेक वेळा फुप्फुसातूनच वर आलेला असतो. भूल देऊन तुकडा काढला, तो दोन बाटल्यांत भरला. फॉर्मॅलिनमधला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, सलाईनमधला टीबीच्या जंतूसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही.

बेडक्याचं सीबीनॅट आधी आलं. ते मशीन साधारण दोन तासांत जंतू आहे का सांगतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. टीबी होता, औषध लागू पडणारं होतं. तरी डॉक्टर तुकड्याच्या रिपोर्टसाठी थांबले, कारण टीबी आणि कॅन्सर एकाच घशात असू शकतात. रिपोर्टात टीबीच्या गाठी होत्या, कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. आई तिथंच बाकावर रडली.

हा टीबी फार पसरतो, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, धाकट्या भाच्याची सगळ्यात आधी. औषध सहा महिन्यांचं, सरकारी, फुकट: पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. खुराकासाठी निक्षय योजनेचे महिन्याला १००० रुपयेही मिळतात. दुखणं आधी थांबलं, आवाज सावकाश आला. थोडी खरखर राहिलीय.

आईबरोबर विड्या वळणाऱ्या एका मावशींचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलाय. त्या खकाण्यालाच दोष देतायत. बेडक्याची डबी आईनं स्वतः नेऊन दिली, आणि दुर्बिणीला त्यांच्यासोबत तीच जाणार आहे.